अप्पांच्या भाषणातलं राहिलेलं पान

माझ्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, आयुष्यात किती फेटे बांधले गेले याची मोजदाद कुणी ठेवली नाही. शाली मात्र घरी यायच्या. नायगाव तालुक्यातल्या आमच्या घरात एक लोखंडी पेटी सत्काराच्या शालींनी भरलेली असे. थंडी पडली की अप्पा ती उघडत आणि शेतावरच्या माणसांना एकेक शाल देऊन टाकत. त्यामुळे आमच्या शिवारात जोंधळ्याची राखण करणारा माणूससुद्धा नुकताच एखाद्या पतसंस्थेच्या उद्घाटनाहून आल्यासारखा दिसे. स्मृतिचिन्हांचं तसं करता येत नव्हतं. त्यातली निम्मी घड्याळं होती. बैठकीतल्या फळीवर ती ओळीनं मांडलेली असत आणि प्रत्येकात वेगळे वाजलेले असत.

मी लातूरला कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत होतो. सुट्टीत गावी गेलो की या घड्याळांवर विनोद करायचो. अप्पा हसायचे, रागवायचे नाहीत. समारंभ, फ्लेक्स, व्यासपीठावरच्या खुर्च्यांची रांग या सगळ्यावर माझं एक तयार भाष्य असे. माझे सहकारी ते ऐकून खूश होत. आपण वडिलांपेक्षा निराळे आहोत, ही समजूत मी बरीच वर्षं कसलाही खर्च न करता सांभाळली.

अप्पा निजामाच्या राज्यात चौथीपर्यंत उर्दूत शिकले. शेवटपर्यंत ते सहीला दस्तखत आणि भांडणाला तकरार म्हणत. पंधरा वर्षं सरपंच होते, सोसायटीचे चेअरमन होते, पण लोक त्यांना मानत ते वाटण्यांसाठी. आसपासच्या वीस-पंचवीस गावांत भावाभावांत जमीन वाटायची वेळ आली की अप्पांना जीप यायची. दोन भाऊ एकमेकांवर कुऱ्हाडी उगारून बसलेले असले तरी अप्पा संध्याकाळपर्यंत त्यांना एका ताटात जेवायला बसवत. पद्धत साधी होती. थोरल्यानं हिस्से पाडायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. आपल्या वाट्याला काय उरणार हे ठाऊक नसल्यामुळे थोरला फार काळजीपूर्वक न्यायी होई.

पण याच्याही आधी एक गोष्ट व्हायची. अप्पा बैठकीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य म्हणत, ‘‘आधी लेकींचे दस्तखत.’’ घरातल्या लग्न झालेल्या मुलींना सासरहून बोलावून घेतलेलं असे. बापाच्या जमिनीवर आपला हक्क नाही, असं हक्कसोडपत्र त्या करून देत, आणि त्यांना साडीचोळी मिळे. साडी अप्पा स्वतः निवडत. देगलूरच्या दुकानात त्यांना बघितलं की दुकानदार विचारी, ‘‘अप्पा, लग्नाची दाखवू का वाटणीची?’’ वाटणीची साडी थोडी भारी असायची. सही करून झाल्यावर अप्पा त्या मुलीच्या डोक्यावर हात ठेवून सांगत की माहेर तुटू नये म्हणून हे आहे, जमीन घेतली तर दार बंद होतं. मुली रडत. ते रडणं मायेचं आहे, असं सगळे पुरुष एकमतानं समजत.

आमच्या घरातही तसंच झालं. मला एक थोरली बहीण, अक्का. तिला उदगीरकडच्या एका गावात दिलेली, नवऱ्याचं किराणा दुकान. आई गेल्यावर अप्पांनी जमीन माझ्या नावावर करायचं ठरवलं आणि अक्काला बोलावून घेतलं. ती एसटीनं आली. नायगावच्या रजिस्ट्री ऑफिसात बाकावर बसून तिनं विचारलं, ‘‘कुठं करू रे तम्मा?’’ आमच्याकडे कानडीच्या शेजारानं धाकट्या भावाला तम्मा म्हणतात. मी कागदावर बोट ठेवून जागा दाखवली. त्याच महिन्यात महिला दिनाला मी कॉलेजात मुलींच्या समान वारसाहक्काच्या कायद्यावर पाऊण तास बोललो होतो. भाषण चांगलं झालं होतं. अक्काचं अक्षर सुंदर आहे. सातवीत तिला शाळेतून काढलं तेव्हा मास्तर घरी सांगायला आले होते. मी दाखवलेल्या जागेवर तिनं पूर्ण नाव लिहिलं, माहेरचं.

अप्पांच्या मनात पुढे पालट झाला, तो कुठलं पुस्तक वाचून नाही. धर्माबादकडची एक बाई एके दिवशी घरी आली. तिची सही अप्पांनीच घेतली होती. नवरा वारला होता, सासरच्यांनी बाहेर काढलं होतं, आणि माहेरी भाऊ चार दिवसांवर ठेवून घेईनात. अप्पा तिला घेऊन तिच्या भावांकडे गेले. भावांनी चहा दिला, आदरानं बसवलं आणि कपाटातून कागद आणला. ‘‘अप्पा, हे साक्षीदाराचं दस्तखत तुमचंच हाय की.’’ अप्पांनी मला ही हकीकत तीनदा सांगितली. तिन्ही वेळा ते याच वाक्यावर थांबले. त्या बाईची सोय त्यांनी नायगावला एका वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात लावून दिली. त्यानंतर कुणाच्याही वाटणीला ते गेले नाहीत. लोकांना वाटलं, वय झालं.

मग ऐंशीवा वाढदिवस आला. गावानं अभीष्टचिंतन सोहळा ठरवला. नायगावच्या रस्त्यावर फ्लेक्स लागले. त्यांत अप्पांचा फोटो शुभेच्छा देणाऱ्यांच्या फोटोंपेक्षा थोडासाच मोठा होता. अप्पांना दिसत कमी होतं, हातही थरथरायचा. त्यांनी मला सांगितलं की भाषण तू लिही आणि तूच वाच. दोन दिवस ते सांगत गेले, मी लिहीत गेलो. शेवटचं पान त्यांनी फार सावकाश सांगितलं. आपण कितीतरी लेकींचे दस्तखत घेतले, पहिल्यांदा दुसऱ्यांच्या लेकींचे आणि मग स्वतःच्या लेकीचं. ती रीत चूक होती. विहिरीकडचं शेत आपण लेकीला परत देत आहोत, आणि ज्यांच्या घरी असं झालं असेल त्यांनीही विचार करावा. एवढंच होतं. ‘‘हे असंच ठेव,’’ ते म्हणाले, ‘‘तुझी भाषा त्यात घालू नको.’’

मी भाषा घातली नाही. मी ते पान काढून ठेवलं.

का, ते मी तेव्हा स्वतःला नीट सांगितलं होतं. असे घरगुती विषय व्यासपीठावर काढू नयेत, ज्यांच्या वाटण्या झाल्या त्यांच्या घरात आगी लागतील, म्हाताऱ्या माणसाची शोभा होईल. खरं कारण असं की माझ्या नावावर झालेलं विहिरीकडचं शेत डांबरी रस्त्याला लागून होतं आणि मी त्यात सागवान लावायचं मनात आखलं होतं. त्या पानाच्या जागी मी एक वाक्य टाकलं, की स्त्रियांचा सन्मान हा अप्पांच्या जीवनाचा स्थायीभाव राहिला. असली वाक्यं दुसऱ्यांच्या मानपत्रांत सापडली की मी ती कॉलेजात नक्कल करून वाचून दाखवायचो.

सोहळ्याला अक्का आली होती, बायकांच्या पहिल्या रांगेत. मी वाचलं. टाळ्या झाल्या. अप्पा फेट्याखाली थोडे वाकून माझ्या तोंडाकडे बघत होते. टाळ्या थांबल्यावर त्यांनी माझी बाही ओढली आणि हळू विचारलं, ‘‘एक पान राहिलं का रे?’’

‘‘न्हाई अप्पा,’’ मी म्हणालो. ‘‘संपलं.’’

त्यांनी माइककडे हात केला. पण पाहुण्या पुढाऱ्यांना देगलूरला दुसरा कार्यक्रम होता, माइक त्यांच्याकडे गेला आणि ते वीस मिनिटं बोलले. अप्पा खुर्चीत मागे टेकले. नंतर पेढे वाटताना त्यांनी एक पेढा अर्धा करून अक्काच्या हातावर ठेवला. मला त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही. घरी आलो तेव्हाही नाही, पुढच्या सात महिन्यांत, ते गेले तोवरही नाही. रागावले असते तर मला उत्तर देता आलं असतं. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

आमच्यात, लिंगायतांत, माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात, आणि ज्याचं शेत असेल त्याला शेतातच. अप्पांना कुठं बसवायचं असं विचारलं गेलं तेव्हा मी विहिरीकडचं शेत म्हणालो. सगळ्यांना ते शोभेसं वाटलं. खड्ड्यात विभूती आणि बेलाची पानं टाकली, गळ्यातलं इष्टलिंग हातावर ठेवलं. मी रडत होतो, आणि रडताना मला हेही कळत होतं की आता हे शेत कुणाला देता येणार नाही, वडिलांची समाधी कोण देऊन टाकतं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. हे वाक्य लिहायला मला सहा वर्षं लागली आहेत.

मी निवृत्त झालो आणि गावाकडे जास्त राहू लागलो. तेव्हा लोकांनी मला अप्पांच्या जागी बसवायला सुरुवात केली. मी नको म्हणालो, पण फार जोरानं नाही. शेजारच्या गावातल्या एका वाटणीला जीप आली, मी गेलो. बैठकीत मध्ये जागा ठेवलेली होती. मी बसलो आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. पहिलं वाक्य मीच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही, पण म्हणायची गरजही नव्हती. कागद तयार होता, साडीचं पाकीट त्यावर ठेवलेलं होतं, आणि घरातली मुलगी भिंतीला टेकून बसली होती. ती माझी विद्यार्थिनी निघाली. लातूरला तीन वर्षं होती.

तिनं पेन घेतलं आणि मला विचारलं, ‘‘सर, तुमच्या अक्कांनी केलती का सही?’’

मी हो म्हणालो.

‘‘मग चांगलं झालं का त्यांचं?’’

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. एखादी मुलगी तासाला शंका विचारते तसं तिनं विचारलं होतं. तिचा चुलता हसून म्हणाला, ‘‘अगं, सरांच्या घरचं काय इचारतीस, कर लवकर.’’ मी सांगितलं की आज सही नको, तिला विचार करू द्या. त्यावर तिचे दोन्ही भाऊ बैठकीतून उठून गेले आणि चहा न घेता मी निघालो. मागून कुणीतरी म्हणालं, ‘‘अप्पांची सर न्हाई याला.’’ हे बोलणाऱ्याला कल्पना नव्हती की तो किती बरोबर आहे.

दुसऱ्या दिवशी मी अक्काकडे गेलो. दाजी दुकानात होते. ती अंगणात तुरीची डाळ पाखडत बसली होती. मी तिच्यासमोर बसलो आणि पानाची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून, सागवानासकट. तिनं सूप थांबवलं नाही.

‘‘माहीत हाय मला,’’ ती म्हणाली. ‘‘अप्पांनी आधल्या दिवशीच फोनवर सांगितलतं, काय वाचणार हायस ते. म्हणून तर आलते.’’

मी सुपाबाहेर सांडलेली डाळ वेचू लागलो.

‘‘तू वाचत होतास, मी वाट बघून राहिले. आता येईल, आता येईल. शेवटाला टाळ्या आल्या.’’ तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. ‘‘मग मीबी वाजवल्या.’’

मी म्हणालो की शेत तुझ्या नावावर करून देतो. मध्ये समाधी आहे, एवढंच. ती पहिल्यांदा माझ्याकडे बघून हसली. ‘‘म्हणजे तू बापाला राखणीला बसवलास व्हय रे तम्मा? बस म्हणावं. माझ्या शेतात बसला तर काय बिघडलं, माझाबी बापच हाय.’’ मग तिनं मला जेवायला वाढलं. जेवताना ती जमिनीबद्दल काही बोलली नाही, माझी शुगर किती आहे ते विचारलं.

बक्षीसपत्र करायला आम्ही नायगावला गेलो, त्याच रजिस्ट्री ऑफिसात. बाक बदलले आहेत, आता स्टीलचे आहेत. कायद्यानं पाहिलं तर अक्काचा हिस्सा विहिरीकडच्या शेताच्या दुप्पट भरला असता. हे तिला ठाऊक होतं की नाही, मला माहीत नाही. मला ठाऊक होतं आणि त्या दिवशी मी ते बोललो नाही. अजूनही बोललेलो नाही. इथं लिहितो आहे, ते ती वाचील.

माझा नंबर लागला. मी खिडकीशी जाणार तेवढ्यात अक्कानं पिशवीतून एक पाकीट काढलं. त्यात टॉवेल होता, पांढरी टोपी होती आणि वर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं होतं. आमच्याकडे पुरुषाला आहेर करायचा तर टॉवेल-टोपी देतात.

‘‘हे काय?’’ मी विचारलं.

‘‘दस्तखत करणाऱ्याला आहेर करावा लागतो,’’ ती म्हणाली. ‘‘अप्पांचीच रीत हाय. मला भारीतली साडी भेटलती.’’

तिनं टॉवेल माझ्या खांद्यावर टाकला आणि चार माणसांसमोर टोपी डोक्यावर ठेवून नीट बसवली, लहानपणी शाळेत जाताना बसवायची तशी. बाकावरची माणसं कौतुकानं बघत होती. त्यांना वाटलं, भावाबहिणीची माया आहे. तीही असेल. मी आयुष्यात सत्कार टाळत आलो होतो, आणि ही टोपी काढून ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

आत कारकुनानं अंगठा घेतला आणि कॅमेऱ्यासमोर बसवलं. टोपी काढा म्हणाला. अक्का मागून म्हणाली, ‘‘राहू द्या साहेब, मानाची हाय.’’ त्यानं खांदे उडवले. त्या कागदावर माझा फोटो टोपी घातलेलाच आला आहे. मी कॅमेऱ्याकडे बघत नाहीये. कारकून दोनदा म्हणाला होता, सर, जरा वर बघा.