दरोडेखोर गॅलरीत

आमच्या बेलमाँट वस्तीतले अंकल लेझामा वर्षभर मान खाली घालून पंक्चर काढतात आणि कार्निव्हल आला की सोंगातले दरोडेखोर होतात. अंगात कवट्या रंगवलेला काळा झगा, डोक्यावर टोपलीएवढी झालरीची टोपी, तोंडात शिट्टी. भर रस्त्यात आडवं उभं राहायचं आणि थापांनी माणसाला गारद करायचं.

"थांब, क्षुद्र किड्या! पाळण्यात असताना मी तीन बंदरं गिळली! वर ढेकर दिला, त्याला तुमचे हवामानवाले अजून चक्रीवादळ म्हणतात!" आवाज असा, जणू रिकाम्या पिंपात बसून कुणी बिशप शिव्या देतोय.

दोन दरोडेखोर समोरासमोर आले की झुंज ठरलेली. समोरच्याची थाप आपण पुन्हा मारायची नाही. ज्याच्या थापा आधी संपतील त्यानं टोपी काढून जिंकणाऱ्याच्या पायाशी ठेवायची, आणि पुन्हा जन्मात रस्ता अडवायचा नाही. अंकल कधीच हरले नव्हते. बाकी त्यांच्यापाशी होतं काय? गळकं छप्पर आणि टायरांचा ढीग.

गेल्या वर्षी टोरोंटोहून केझाया नावाची कलाकार आली. तिची आजी इथलीच, पण हिचं प्रत्येक वाक्य शेवटाला पतंगासारखं वर जायचं. "अंकल, हा आपला वारसा आहे ना? मग जपायला नको?" टायरांवर रेकॉर्डर ठेवून ती दुपारच्या दुपारी बसली.

अंकलची बायको, आम्हा सगळ्यांची टँटी मर्ल, आतून ओरडायची, "अहो, सगळं ओकू नका! थोडं पोटात ठेवा!"

"गप गं! शहरातल्या मोठ्या गॅलरीत लागणार आहे!"

आणि त्यांनी सगळं दिलं. बापानं शिकवलेलं दिलं, अडीअडचणीला राखून ठेवलेलंसुद्धा दिलं.

उद्‌घाटनाला अंकल पूर्ण वेशात आले. मागून टँटी, त्यांच्यामागे आम्ही गल्लीतले. पांढऱ्याधोप दालनात, हातात वाइन घेतलेल्या माणसांच्या मधोमध, एक दरोडेखोर उभा होता. माणूसभर उंच स्पीकर, त्याला काळा झगा घातलेला. भिंतीवर हे एवढं केझायाचं नाव. त्याखाली बारीक अक्षरात: आवाज, एक स्थानिक रहिवासी.

"रहिवासी म्हणे!" टँटी फणकारली. "भाडेकरू म्हणाले नाहीत हेच नशीब!"

अंकलनी ते वाचलंच नाही. समोर दरोडेखोर दिसला होता. त्यांनी शिट्टी फुंकली.

"क्षुद्र किड्या! मी पाळण्यात..."

"...तीन बंदरं गिळली!" स्पीकर गरजला.

अंकलनी दुसरी काढायला तोंड उघडलं. त्याआधीच स्पीकरनं ती म्हणून टाकली. तिसरी तोंडातून अर्धी बाहेर पडली आणि स्पीकरनं तीच पुरी केली. लोक हसले, मोबाइल वर झाले. अंकलनी घाम पुसला, डोळे मिटले आणि जागच्या जागी एक नवी घडवली: "मृत्यू माझ्या दारात आला, मी त्याला पंक्चर काढायला बसवलं!"

आम्ही बाकं असती तर फोडली असती, इतके ओरडलो. पण स्पीकरला दम लागत नव्हता. त्याच्यातला अंकलांचा आवाज बोलतच राहिला, खोकला नाही, घोट नाही. इकडे खऱ्या अंकलना ठसका लागला. तो थांबल्यावर त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. काहीच आलं नाही.

त्यांनी टोपी काढली आणि स्पीकरच्या पायाशी ठेवली.

टाळ्यांचा कडकडाट झाला. केझायाचे डोळे भरून आले. "ओ माय गॉड, किती खरं आहे ना हे?"

अंकल बाहेर पडले, तेव्हा फुटपाथवर टँटीनं त्यांना गाठलं. "जा, टोपी आणा! एकेक झालर मी शिवली आहे!"

"हरलो मी, मर्ल."

"कुणाशी? डब्याशी?"

"नियम तो नियम."

"खड्ड्यात गेला नियम!" ती तरातरा आत गेली आणि टोपीकडे वाकली. गणवेशातला पहारेकरी मध्ये आला. आमच्याच मागच्या गल्लीतला, पण आवाज नाकातून, साहेबी.

"मॅडम, मागे व्हा. कलाकृतीला हात लावायचा नाही."