समोरच्या गॅलरीतल्या खुणा

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत लालबागला संचारबंदी लागली होती. खाली रस्त्यावर पोलीस होते, म्हणून समोरच्या चाळीतला विणकर गॅलरीतून हातांनीच बोलू लागला. आमचे हेही विणकर. गिरणीत मागांच्या खडखडाटात दोघांना असंच बोलायची सवय होती. मी नवी नवरी, म्हणून हे मला एकेक खूण समजावत होते.

“परळला गोळीबार झाला म्हणतोय.”

मग समोरच्याने यांच्याकडे बोट केलं, हाताने खांद्याएवढी उंची दाखवली आणि तळवा सावकाश उलटा केला. ही खूण यांनी मला समजावली नाही.

“काय म्हणाले ते?” मी विचारलं.

तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या. यांचा चेहरा बघताच त्यांनी यांचा दंड धरला.

“माझा धाकटा गेला ना रे?”