भांडलेला माणूस आणा

अर्ज पुढे आला की ते चष्मा काढून त्या कागदावर उपडा ठेवीत आणि समोरच्याला विचारीत, "बरं. भांडण कोणाशी?"

आलेला माणूस गोंधळून जाई. तो आलेला असे चांगल्या वर्तणुकीचा दाखला न्यायला. आफ्रिकेत आगगाडीचे रूळ घालायला इकडची माणसे बोटीने जात होती, त्या वेळची ही गोष्ट. बोटीत पाय ठेवण्याआधी 'सदर इसम सभ्य आहे' असा सरकारी कागद दाखवावा लागे. ठाण्याच्या कचेरीत तो कागद तयार करणारे कारकून म्हणजे हे गृहस्थ. मी त्यांच्या शेजारच्याच बैठकीवर जमिनीची दप्तरे लिहीत असे, म्हणजे लिहिण्याचे निमित्त करून त्यांचे बोलणे ऐकत असे. तुम्हीही तेच केले असते.

लोक ओळखीच्यांची शिफारसपत्रे घेऊन येत. ते ती न वाचताच परत करीत. "मित्र चांगलंच बोलणार हो. तुमच्याशी भांडलेला माणूस आणा. तो काय म्हणतो ते मी लिहितो."

बाजारपेठेतला एक वाणी झांजीबारला निघाला होता. भिंतीवरून ज्याच्याशी त्याचे दहा वर्षे वैर होते, त्या शेजाऱ्याला तो हातापाया पडून घेऊन आला. शेजारी कचेरीभर ऐकू जाईल असा गरजला, "माणूस हलकट आहे! पण माप कधी खोटं दिलं नाही." आमच्या कारकुनांनी दाखला लिहिला : 'शेजाऱ्याचे मते हलकट. माप खरे.' मामलेदारांनी तो तीनदा वाचला आणि पहिले वाक्य खोडायला लावले. यांना त्याचे फार वाईट वाटले. "अर्धा माणूस खोडला," असे ते दिवसभर पुटपुटत होते.

एका सोमवारी कोलशेतहून गोमा नावाचा कोळी आला. अंगाने दांडगा, आवाज मात्र पाळण्यातल्या मुलाला उठवणार नाही असा. आदल्या पावसाळ्यात त्याची होडी खडकावर फुटली होती. तिकडे आगगाडीच्या पुलाच्या कामावर खलाशी म्हणून तीन वर्षे राबायचे आणि परत येऊन नवी होडी बांधायची, असे त्याने ठरवले होते. बोट शनिवारी सुटणार होती आणि माणसे नेणारा मुकादम कोणासाठी थांबणारा नव्हता.

"बरं. भांडण कोणाशी?"

"कोनाशीच नाय, साहेब."

"बायकोशी?"

"ती भांडते. मी गप बसून आयकतो."

"मग तिला आणा."

गोमाने बराच विचार केला. "पन ता तिचा भांडान झाला, साहेब. माजा नाय."

हे उत्तर कारकुनांना इतके आवडले की त्यांनी ते टिपून घेतले. दाखला मात्र दिला नाही. ज्याचे कोणाशी कधी वाजलेच नाही, त्याच्याविषयी सरकारला काय कळवायचे, असा त्यांचा सवाल होता.

गोमा घरी गेला आणि कामाला लागला. त्याने शेजाऱ्याची टोपली लाथेने उडवली. शेजाऱ्याला वाटले याला ताप चढला. त्याने भगत बोलावून गोमाच्या अंगावरून नारळ उतरवला. मग गोमा माजिवड्याला गेला आणि तिथे मासळी विकायला बसलेल्या एका म्हातारीला म्हणाला, "तुजी मासली शिली हाय!" म्हातारीने टोपलीत नाक घातले, "खरंच रं बाबा," म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली. त्याने धावत जाऊन तिची माफी मागितली.

हे सगळे त्याने बुधवारी आम्हाला खालच्या मानेने सांगितले. मला हसू आवरेना. कारकून मात्र गंभीरपणे म्हणाले, "प्रयत्न चांगला आहे. चालू ठेवा."

शुक्रवारी दुपारी तो पुन्हा आला. तीन दिवसांची दाढी, डोळे लाल. कारकुनांनी चष्मा काढला, कागदावर उपडा ठेवला.

"बरं. भांडण—"

"हाय!" गोमा असा ओरडला की पागोटी फिरली. "भांडान हाय माजा, तुमच्याशीच हाय! बोट उद्या सुटते. होडी नाय, काम नाय, आनि तुमी मना लोकांशी भांडाया लावता? तुमाला काय काळीज हाय का नाय?" आणि त्याने समोरची दऊत उचलून खिडकीबाहेर भिरकावली.

सरकारी नोकरावर हात उगारला असे कोणी म्हटले असते, तर गडी आफ्रिकेऐवजी ठाण्याच्या तुरुंगात गेला असता. गोमालाही ते उमगले असावे, कारण तो पांढराफटक पडला. मग तो वळला, बाहेर गेला, गवतात शोधून दऊत घेऊन आला, धोतराच्या सोग्याने पुसून तिच्या जागेवर नीट ठेवली.

मामलेदार दारात आले. "काय चाललंय हे?"

"दाखल्याची चौकशी, रावसाहेब," कारकून उठून उभे राहत म्हणाले. इतका आनंदी चेहरा मी त्यांच्या मुलीच्या लग्नातही पाहिला नव्हता. "साक्षीदार मिळाला. मीच."

दौतीत शाई उरलीच नव्हती. माझ्या दौतीत टाक बुडवून त्यांनी लिहिले : 'सदर इसम माझ्याशी भांडला. कारण रास्त होते. फेकलेली दऊत स्वतः शोधून आणली. वर्तणूक उत्तम.' मामलेदारांनी या वेळी काही खोडले नाही.

गोमाला बोट मिळाली. तीन वर्षांनी तो परत आला आणि कोलशेतच्या खाडीत त्याने नवी होडी उतरवली. पण तोवर आमचे कारकून ठाण्यात नव्हते. 'दाखल्यांस विलंब' अशा तक्रारी वर गेल्या आणि त्यांची बदली दूर कोकणात झाली. त्यांच्या जागी आलेला माणूस पाच मिनिटांत शिक्का मारून देई.

त्या दिवसांत माजिवड्याचा एक लोहार दाखला न्यायला आला. कागद हातात पडला तरी तो जाईना.

"आणखी काय हवंय?" मी विचारले.

"एवढंच होतं?" तो म्हणाला. "मी सासऱ्याला घेऊन आलोय. काय काय सांगायचं ते वाटभर पाठ करत आलेत."

दाराशी एक म्हातारा काठी टेकून उभा होता. मी त्याला आत बोलावले, बसायला सांगितले. त्याने घसा खाकरला आणि जावयाच्या लग्नापासून सुरुवात केली. दाखल्यावरची शाई वाळून गेली होती. तरी लोहार तो कागद हातात धरून, मान खाली घालून, शेवटपर्यंत ऐकत उभा राहिला.