हद्दीत बोलणारे साडू

कायदा पाळणारा या जगातला शेवटचा माणूस केडगावात राहतो आणि नशिबाची थट्टा अशी, की तो माझा साडू आहे. भर दुपारी, रस्त्यावर चिटपाखरू नसताना, आमचे साडू लाल सिग्नलला एकटेच स्कूटर घेऊन उभे राहतात. मागचा टेम्पोवाला हॉर्न वाजवून त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो, तरी त्यांचं चाक पांढऱ्या पट्ट्याला शिवत नाही. एकदा एस.टी.त ‘धूम्रपान करू नये’ ही पाटी दाखवून त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याला उदबत्तीचा पुडासुद्धा उघडू दिला नव्हता. म्हाताऱ्याला फक्त वास घ्यायचा होता. साडू म्हणाले, “आज वास घ्याल, उद्या पेटवाल. सवय अशीच लागती.”

पण हे सगळं किरकोळ. साडूंचा खरा देव म्हणजे त्यांचा हॅम रेडिओ. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन घ्यायचं आणि मग घरात बसून बिनतारी संचावरून आपल्यासारख्याच रिकामटेकड्या सज्जनांशी बोलायचं, असा हा छंद आहे. पूर्वी ते एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिक विभागात होते, तिथे त्यांना ही बाधा झाली. आता निवृत्तीनंतर ती पूर्ण अंगात भिनली आहे. गच्चीवर बांबू, बांबूला तार, आणि तारेखाली आक्कांचे, म्हणजे माझ्या थोरल्या मेव्हणीचे, पापड. या संसारात कोण कुणाच्या आधारानं उभं आहे ते मला आजवर कळलेलं नाही. संचावर आपलं बोलणं संपलं की ‘ओव्हर’ म्हणायची रीत असते. साडू ते घरातही म्हणतात. त्यांच्या मुलीला पाहायला पाहुणे आले तेव्हा तिच्या शिक्षणाची सगळी माहिती देऊन ते गंभीरपणे “ओव्हर” म्हणाले. पाहुण्यांना वाटलं, बैठक मोडली. मुलाच्या मामांनी तर चपला शोधायला सुरुवात केली होती. आक्कांनी पोह्यांची दुसरी ताटली पुढे केली म्हणून ते लग्न झालं.

आता मुद्द्याची गोष्ट. सरकारनं या हॅम लोकांना हवेतल्या काही पट्ट्या नेमून दिल्या आहेत. बोलायचं ते त्या पट्टीत. पट्टीच्या अलीकडे-पलीकडे कुणाची विमानं असतात, कुणाची जहाजं, कुणाचं पोलीस खातं. कंपनी संच पाठवते तो पट्टीबाहेर बोलू नये अशी सोय करून. आत एक गव्हाएवढा भाग असतो. तो कापला की संच खुला होतो आणि कुठेही बोलू शकतो. साडूंच्या भाषेत सांगायचं तर कंपनीनं संचाची नसबंदी करून पाठवलेली असते आणि ती उलटवणारा माणूस हलकट. सावेडीचा एक तरुण डॉक्टर मोठ्या हौसेनं असा खुला केलेला संच दाखवायला घेऊन आला होता. साडूंनी त्याला आधी तो भाग परत डाख देऊन जोडायला लावला आणि मगच चहा दिला. डॉक्टर बिचारा म्हणत होता, “काका, मी बाहेर बोलतच नाही. नुसता खुला ठेवलाय. नुसता ठेवणं कुठं गुन्हा आहे?” साडू म्हणाले, “ह्याला बांध कोरणं म्हणतात. माझ्या चुलत्यानं असाच दर नांगरटीला जरा जरा बांध कोरला. तोही म्हणायचा, मी कुठं काय पेरलंय?” त्या बांधाचा दावा साडूंच्या घराण्यात अजून चालू आहे. त्यांची कायद्याची भक्ती मुळात तिथून आली असावी, असा माझा संशय आहे.

अशा माणसावर गेल्या वर्षी बाका प्रसंग आला. देवळाली प्रवऱ्याला त्यांचे एक मित्र आहेत, बापू. कारखान्यातले जोडीदार आणि स्वतः लायसनवाले हॅम. निवृत्तीनंतर साडू केडगावात आणि बापू देवळालीत, पण दोघं रोज संध्याकाळी संचावर भेटत. काय बोलत म्हणाल, तर ऊन, वीज, गुडघे. कांद्याचा भाव मात्र नाही, कारण या संचावरून धंद्याचं बोलायला मनाई आहे. दोन शेतकऱ्यांच्या पोरांनी कांद्याचं नाव न काढता आयुष्य काढायचं ही तपश्चर्याच. मग बापूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोठा संच अडगळीत पडला आणि उंदरांनी त्याच्या आतल्या तारा खाल्ल्या. साडू फोन करायचे, बापूंची सून बापूंच्या कानाला फोन धरायची आणि म्हणायची, “बोला, मामा ऐकत्यात.” साडू दोन वाक्यं बोलून अडखळायचे. फोनवर समोरच्यानं उत्तर द्यायचं असतं, ते आलं नाही की दोघंही ओशाळतात. मला ते पाहवत नसे. फोन ठेवल्यावर साडू उगाच गच्चीवर जाऊन तार ओढून बघत.

आम्ही बापूंना भेटायला गेलो तेव्हा त्यांच्या उशाशी हॅमवाल्यांचं बोलणंही पकडणारा त्यांचा जुना साधा रेडिओ चालू होता आणि त्यातून नुसती खरखर येत होती. काटा फिरवायची आतली दोरी तुटलेली, त्यामुळे काटा एका जागी अडकलेला. सून म्हणाली, “बंद केला की चिडत्यात. मामांना ती खरखर लई आवडती.” साडूंनी वाकून काटा कुठे अडकलाय ते पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. परतताना राहुरीच्या पुढे त्यांनी तोंड उघडलं. “साडूभाऊ, त्यांना खरखर आवडत न्हाई. ते माझी वाट बघत्यात. आन् तो काटा आपल्या पट्टीच्या बाहेर हाय.”

म्हणजे आपला संच कापून खुला केला, की साडूंचा आवाज थेट बापूंच्या उशाशी. न कापावा, तर बापू खरखर ऐकत पडणार. आणि कापला तर लायसन जाणार, ज्याच्यावर साडूंचं नाव आहे, इभ्रत आहे आणि बापूंशी उरलेला एकमेव धागाही आहे. माणूस अन्नावरून उठला. एकटाच सरकारी वकील व्हायचा आणि एकटाच आरोपीचा. “मी कुणाच्या कामात अडथळा आणत नाही,” असं स्वतःला सांगायचा आणि लगेच “चुलताबी हेच म्हणायचा,” असं स्वतःलाच खडसवायचा. शेवटी साडू मला घेऊन नगरच्या कोर्टातल्या एका वकिलाकडे गेले. वकील आयुष्यभर जमिनीचे दावे लढलेले. त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “हद्दीचा वाद हाय म्हणा की. मोजणी झालीय का?”

साडू म्हणाले, “हवेची मोजणी कोण करणार?”

“मग सातबाऱ्यावर नाव कुणाचं?”

“सरकारचं.”

“मग बिनधास्त बोला. सरकारी पडीक जमिनीवर सगळेच बसत्यात.”

साडू तिथून उठले ते वकिलीच्या धंद्यावरचा विश्वास गमावूनच. पण दोन-चार दिवसांनी त्यांचा मला निरोप आला, या. गेलो तर टेबलावर संच उघडा पडलेला, साडूंनी आंघोळ करून धुतलेले कपडे घातलेले, हातात बारीक कटर. मला म्हणाले, “बॅटरी धरा. हा गुन्हा आहे. मी तो पूर्ण शुद्धीत करतोय. उद्या विचारलं तर हेच सांगा.” मी बॅटरी धरली. खरं सांगतो, मला गलबलून आलं. कायद्यासाठी उदबत्तीचा वास अडवणारा माणूस मित्रासाठी स्वतःच्या हातानं आपला देव बाटवायला निघाला होता.

आक्का दारात गवार मोडत बसल्या होत्या. इतके दिवस त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. आता मान वर न करता म्हणाल्या, “दोरी बापूंच्या रेडिओची तुटलीय ना?”

“हां.”

“मग त्याला दोरी बसवा की. ह्याचं पोट कशाला फाडताय?”

ज्या माणसानं कारखान्याच्या मोटारी डोळे झाकून दुरुस्त केल्या त्याच्या, आणि विमा कंपनीत उभी हयात घालवलेल्या माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं. साडूंनी कटर हळूच खाली ठेवलं. “मी ह्याच निर्णयापर्यंत येत होतो,” असं म्हणाले. आक्कांनी गवार आत नेली.

दुसऱ्या दिवशी साडूंनी देवळालीला जाऊन नवी दोरी बसवली, काटा पट्टीच्या आत आणला आणि संध्याकाळी नीट चालतंय का ते बघायला मला बापूंजवळ बसवून स्वतः केडगावला परतले. साध्या रेडिओलाही कळेल अशा रीतीनं बोलायची सोय त्यांच्या संचात होती, पूर्ण कायदेशीर. ठरल्या वेळी खरखरीतून साडूंचा घसा खाकरला. आधी नियमाप्रमाणे नाव-गाव, मग ऊन, मग वीज. “आज गुडघा बरा आहे. आक्कांनी गवार केलीय, खारट झालीय, पण तसं म्हणायची माझी हिंमत नाही. बापू, लई दिवस झाले. आता तुमी बोला.”

आणि ते थांबले. खरखर सुरू झाली. मी बापूंकडे पाहिलं. त्यांचा डावा अंगठा चादरीवर टेकला होता आणि घट्ट दाबलेला होता, बोलताना माइकचं बटण दाबून धरतात तसा. ओठ हलत होते. आवाज अजिबात नव्हता. सून रेडिओ बंद करायला आली, “संपलं का?” म्हणाली. मी तिला हातानंच थांबवलं. बऱ्याच वेळानं बापूंनी अंगठा उचलला आणि छताकडे बघत पडून राहिले.

मी बाहेर ओसरीवर येऊन साडूंना फोन लावला.

“आला का आवाज?”

“स्वच्छ आला.”

“आन् बापू?” ते जरा चाचरले. “ते काय म्हणले?”

मी म्हणालो, “बोलले. बराच वेळ बोलले.”

पलीकडे साडूंनी नाक ओढल्याचं ऐकू आलं. मग घाईघाईनं म्हणाले, “मग फोन ठेवा, साडूभाऊ. मला त्यांना उत्तर द्यायचंय.”