काकीनाड्यात माझे काटे कोणी काढले?

आधीच सांगून टाकतो, मी असल्या गोष्टी मानणारा माणूस नाही. कोणाला कुठे काय दिसलं, कोणाच्या अंगात काय आलं, असं कोणी सुरू केलं की मी मोबाईल काढून बसायचो. वाचकांच्या असल्या अनुभवांचं हे सदर बायको वाचायची आणि मी तिची टिंगल करायचो. आज मीच लिहायला बसलोय म्हटल्यावर ती हसेल असं वाटलं होतं. ती हसली नाही, चहा ठेवून गेली.

मी राईस मिलमधल्या कलर सॉर्टर मशीनचा सर्व्हिस इंजिनिअर. ही मशीन कॅमेऱ्यानं तांदळाचा एकेक दाणा बघते आणि काळा, डागी दाणा हवेच्या झोतानं बाहेर उडवते. सांगायचं एवढंच की माझा विश्वास कॅमेऱ्यावर. राहतो वरठीला, कारण भंडारा रोड स्टेशन जवळ पडतं आणि महिन्यातले पंधरा-वीस दिवस मी गाडीतच असतो. आईवडील पवनी तालुक्यात, कोंढ्याला. घरची धानाची शेती, गावाला लागून मोठं तळं. वरठीहून मोटरसायकलनं सव्वा तास, फार तर दीड.

या नोकरीत पगारापेक्षा जेवण चांगलं. मशीन नीट चालली की मिलमालक खूश, आणि खूश झालेला मिलमालक इंजिनिअरला गावातल्या सगळ्यात मोठ्या हॉटेलात नेतो. कोची, मंगळूर, कोलकाता... खेकडे खाल्ले, हाताएवढे झिंगे खाल्ले. स्टेक हा प्रकार कोलकात्याला कळला. भीत भीत वेटरला विचारलं, हे कशाचं? तो म्हणाला, फिश स्टेक. माशाचा जाड काप, मध्ये एक हाड, बाकी नुसतं मऊ मांस. तेव्हापासून कुठेही गेलो की मेनूकार्डात आधी स्टेक शोधायचो. सोबतचे लोक हसायचे, की तळ्याकाठचा माणूस आणि काट्याला घाबरतो.

घाबरतोच. मी सहा वर्षांचा असताना घशात रोहूचा काटा अडकला होता. कोरड्या भाताचे गोळे गिळवले, केळं खाऊ घातलं, काही उपयोग नाही. बाबांनी मला सायकलच्या दांडीवर बसवून पवनीच्या डॉक्टरकडे नेलं. तेव्हापासून आमच्या घरात एक नियमच झाला. तळ्यावरून मासोळ्या आल्या की माझ्या ताटातले काटे बाबा काढणार. त्यांची एक पद्धत होती. शेपटीकडून अंगठ्यानं दाबत यायचं, म्हणजे दुतोंडी काटे आपोआप वर येतात. ते उपसून ताटाच्या काठावर एका ओळीत ठेवायचे, सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला. मग उरलेल्या मांसावरून बोट फिरवायचं आणि ताट माझ्यापुढे सरकवायचं. म्हणायचे, "खाय आता, काही नाही राह्यलं." त्यांचं स्वतःचं जेवण तोवर थंड झालेलं असायचं.

मी इंजिनिअर झालो, लग्न झालं, तरी हे चालूच होतं. बायको पहिल्यांदा कोंढ्याला आली तेव्हा तिला वाटलं, माझ्या हाताला काही दुखापत आहे. मला यात कधी काही वावगं वाटलं नाही. घरात होतं तोवर वाटलं नाही.

आता जे लिहितोय ते मी आजवर कोणालाही सांगितलं नाही.

दोन वर्षांपूर्वी बाबांना डोळे दाखवायला भंडाऱ्याला आणलं होतं. त्याच दिवशी आमचे रिजनल मॅनेजर नागपूरहून रायपूरला निघाले होते. त्यांचा फोन आला की शहापूरला हायवेवर नवीन सी-फूड आणि स्टेकचं हॉटेल निघालंय, जेवायला ये. बाबांना कुठे ठेवणार? सोबत घेऊन गेलो. एसी, काचेचे ग्लास, मऊ खुर्च्या. बाबा खुर्चीच्या टोकावर बसले. सर चांगला माणूस, त्यांनी सगळ्यांसाठी अख्खा तळलेला मासा मागवला. आणि मासा आल्याबरोबर बाबांनी नेहमीसारखं माझं ताट स्वतःकडे ओढलं आणि अंगठ्यानं दाबायला सुरुवात केली.

सर बघत होते. शेजारच्या टेबलावरची दोन पोरंही बघत होती. माझे कान तापले. मी बाबांचं मनगट धरून बाजूला केलं आणि म्हणालो, "हात काढा तिथून. लोक पाहून राहिले."

बाबांनी हात मागे घेतला. कागदी नॅपकिननं एकेक बोट पुसलं. मग त्यांनी फक्त वरण-भात खाल्ला, मासा घेतलाच नाही. सरांना सांगितलं की डोळ्यात औषध टाकलंय, काटे दिसणार नाहीत. परत जाताना मोटरसायकलवर मागे बसून एवढंच म्हणाले, हाटेल मोठं होतं. मी म्हटलं, हो.

त्यानंतर त्यांनी माझ्या ताटाला कधी हात लावला नाही. कोंढ्याला जेवायला बसलो की त्यांचा हात अर्ध्यापर्यंत यायचा आणि परत आपल्या ताटात जायचा. मला दिसायचं. माफी मागायला काय लागतं? दोन शब्द. पण आमच्याकडे बापाची माफी मागायची रीत नाही, मीही उगाच वेगळा विषय काढायचो. पुढच्या खेपेला बोलू, पुढच्या खेपेला बोलू. मग त्याच हिवाळ्यात त्यांना लकवा मारला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. उजवा हात तर लाकडासारखा. नागपूरचे डॉक्टर झाले, मालिश झाली, फिजिओथेरपीवाला घरी येत होता. आठ महिन्यांत त्या हाताचं एक बोट हललं नाही.

मागच्या वर्षी ऑगस्टमध्ये मी काकीनाड्याला होतो. तिथल्या एका मिलमध्ये नवीन मशीन बसवायची होती. सोबत आमच्या ऑफिसचा हेमंत. दुपारी मिलमालक आम्हाला समुद्राजवळच्या एका रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेले. मी स्टेक शोधत होतो, पण त्यांनी आमच्यासाठी आधीच पुलसा सांगून ठेवला होता. ही मासोळी पावसाळ्यात समुद्रातून गोदावरीत चढते, तिकडे तिचा फार मान. चिंचेच्या रश्श्यात शिजवतात आणि शेवटी वरून कैरीच्या लोणच्याचं तेल सोडतात, असं मालकांनी कौतुकानं सांगितलं. काट्यांबद्दल ते काही बोलले नाहीत, पण पहिल्याच तुकड्यात मला दिसलं. केसासारखे बारीक, दुतोंडी, मांसात सगळीकडे. नाही म्हणायची सोय नव्हती.

तेवढ्यात ऑफिसचा फोन आला. सुटलो म्हणून मी बाहेर व्हरांड्यात गेलो. आठ-दहा मिनिटं बोललो असेन. फोन ठेवला तेव्हा स्क्रीनवर पावणेदोन झाले होते.

परत येऊन खुर्चीत बसलो आणि ताटाकडे बघितलं. माझ्या तुकड्यातले काटे निघालेले होते. ताटाच्या काठावर एका ओळीत. सगळ्यांची टोकं बाहेरच्या बाजूला. उरलेल्या मांसावर जागोजागी अंगठ्याचे खळगे होते.

मी हेमंतला विचारलं, माझ्या ताटाला कोणी हात लावला? तो म्हणाला, कोणी नाही. तो आणि मालक मशीनच्या वॉरंटीबद्दल बोलत होते, दोघांचेही हात आपापल्या ताटात. वेटर पाणी द्यायला आला होता म्हणे. मालकांनी त्याला तेलुगूत विचारलं तर त्याचा चेहरा उतरला. पाहुण्याच्या उष्ट्या ताटात कोण हात घालेल? तुम्हीच आधी काढून ठेवले असतील आणि विसरला असाल, असं मला म्हणून मालकांनी विषय संपवला. मी तो तुकडा खाल्ला. एकही काटा लागला नाही. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तेव्हा मालकांना वाटलं, तिखट लागलं. त्यांनी दही मागवलं.

संध्याकाळी सात वाजता आईचा फोन आला, रोज येतो तसा. मी तिला काही सांगायच्या आधीच ती म्हणाली, "आज तुह्या बाबाचा हात हालला."

मी विचारलं, कोणता? म्हणाली, उजवा. दुपारी तिनं त्यांना दूध-भात चारला, रिकामं ताट तिथंच ठेवून ती बाहेर भांडी घासायला गेली. परत आली तर तो मेलेला हात ताटात होता. अंगठा आणि बोट मिळून काहीतरी उपसत होते, काठावर ठेवत होते, पुन्हा उपसत होते. ताटात काहीच नव्हतं. ती दारातच उभी राहिली, बोलावलं तर थांबेल म्हणून बोललीही नाही. बराच वेळ चाललं. शेवटी त्यांनी ताटावरून बोट फिरवलं, ताट पुढे सरकवलं आणि हात खाली पडला. मी वेळ विचारली. घड्याळ काही तिनं बघितलं नव्हतं, पण दोनची एसटी त्यानंतर गेली.

"मंग मी त्याचा हात धुतला," आई म्हणाली. "त मासोळीचा वास येऊन राहिला होता. चिंचेचा, न लोणच्याच्या तेलाचा. मी त साधा दूध-भात चारला होता रे. कायले खोटं सांगू तुले?"

अंगठ्याच्या पेराला काहीतरी टोचून रक्ताचा ठिपकाही आला होता म्हणे. मी तिला माझ्याकडचं काही सांगितलं नाही. ती म्हणाली, "तू येतं का?"

आता माझं ऐका. हे सगळं ऐकल्यावर कोणीही त्याच रात्रीची गाडी धरली असती. मी आईला म्हणालो, ट्रायल बाकी आहे, शनिवारी निघतो. वर हेही म्हणालो की हात हलला म्हणजे सुधारणा आहे, फिजिओथेरपीवाल्याला सांग. मला खरंच वाटलं की आता बाबा बरे होणार, आता भरपूर वेळ आहे. दुसऱ्या दिवशी मी काय केलं, तर त्या रेस्टॉरंटमध्ये जाऊन सीसीटीव्ही बघितला. माझी रिकामी खुर्ची दिसते, हेमंत दिसतो, मालक दिसतात. ताट हेमंतच्या खांद्याआड जातं. मशीनचा माणूस तीन दिवस कॅमेऱ्यात पुरावा शोधत बसला.

रविवारी कोंढ्याला पोचलो. हात त्यानंतर पुन्हा हलला नव्हता. येताना तळ्यावरून रोहू घेतला होता, आईनं तो रांधला. मी बाबांना भिंतीला टेकवून बसवलं, ताट त्यांच्यापुढे ठेवलं आणि त्यांचा उजवा हात उचलून मासोळीवर ठेवला. म्हणालो, "बाबा, काढा न काटे. लोक पाहात असतील त पाहू द्या. मी चुकलो होतो."

हात जसा ठेवला तसाच राहिला. बाबा माझ्याकडे बघत होते. त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी आलं आणि मला वाटलं, कळलं त्यांना. नंतर डॉक्टर म्हणाले की लकव्याच्या पेशंटला असं पाणी आपोआप येतं, त्याचा अर्थ लावू नका. त्या दिवशी काटे मी काढले आणि बाबांना भरवलं. मला नीट जमलं नाही, दोनदा त्यांच्या तोंडातून काटा परत काढावा लागला. नऊ दिवसांनी ते गेले.

बायको म्हणते, तुम्हीच बेध्यानात काढले असतील. डॉक्टर म्हणतात, स्नायूंना कधीकधी असे झटके येतात. हेमंत म्हणतो, पवनीवरून वाहणारी वैनगंगा शेवटी गोदावरीलाच मिळते, त्यातच काहीतरी असेल. वास आईच्याच हाताला असेल, हेही मी स्वतःला सांगून बघितलं, पण घरातलं लोणचं उन्हाळ्यातच संपलं होतं आणि बाबांच्या आजारपणात नवं घातलंच नव्हतं. पुढे काकीनाड्याला दोनदा जाणं झालं. दोन्ही वेळा त्याच टेबलावर बसलो, काट्याची मासोळी मागवली, बाहेर जाऊन दहा मिनिटं उभा राहिलो. परत आलो तर ताट होतं तसंच होतं.

हे कसं झालं, मला माहीत नाही. खरं सांगू का, आता ते जाणून घ्यायचंही नाही. तुमच्यापैकी कोणाला यातलं काही कळत असेल तर मला फक्त एकच सांगा. ज्या हाताला मी चारचौघांत बाजूला केलं, तोच हात एवढ्या दूर माझ्या ताटात आला... तेव्हा बाबा माझ्यावर रागावलेले नव्हते ना?