पाव इंचाचा क्रँक आणि इमामपूरचा घाट

गॅरेजात दहा वर्षं काढली की अंगावरचं ग्रीस साबणानं निघतं, किस्से निघत नाहीत. उलट जो येतो तो आपला एक चिकटवून जातो. आमच्या नगरच्या गॅरेजातले निम्मे किस्से तर एकाच गाडीचे. तेवढेच सांगतो. बाकीच्यांतली माणसं अजून हयात आहेत आणि तापट आहेत.

गाडी मालकाची, म्हणजे बन्सीशेठची. जुनी, उघड्या टपाची अमेरिकन. दुसरी मोठी लढाई संपली आणि लष्कराचं भंगार ढिगानं विकायला निघालं. शेठ गेला टायर आणायला आणि घेऊन आला तीन क्रँक! आमच्याच गाडीच्या कंपनीच्या तीन वेगळ्या लष्करी लॉऱ्यांचे. हे काय असतं हे त्याला ठाऊक नव्हतं, पण वजनदार दिसले म्हणून आणले. त्यातला एक त्यानं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी टेकवून ठेवला.

आमचा योहानमिस्त्री नेवाशाकडचा. मिशनच्या शाळेत सुतारकाम शिकला आणि आयुष्यभर लोखंड बडवत राहिला. त्यानं दाराशी ते ध्यान पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"शेठ, ह्यो दाराला न्हाई, गाडीला लावायचा."

मग त्यानं शेठला समजावलं. जात्याचा खुंटा मधापासून जितका लांब, तितका आपला हात मोठा फिरतो ना? तसंच इंजिनात क्रँकचं. तो लांब हाताचा असला की पिस्टनचा फेरा वाढतो आणि इंजिनाला दम येतो. तिन्ही क्रँक आमच्या क्रँकपेक्षा लांब हाताचे होते: एक पाव इंचानं, दुसरा अर्ध्या, तिसरा पाऊण. आता बसवायचा कोणता? यावर महिनाभर गॅरेजात जेवढा खल झाला तेवढा स्वराज्यावरसुद्धा झाला नसेल. समोरचा हॉटेलवाला पाऊण म्हणायचा. त्याच्याकडे सायकलसुद्धा नव्हती.

*

आत जागा किती आहे हे मोजायला मिस्त्रीची एक युक्ती होती. पिस्टनवर कणकेचा गोळा ठेवायचा, वरून हेड, म्हणजे इंजिनाचं झाकण, बसवायचं, इंजिन हातानं फिरवायचं, आणि कणीक किती दबली ते बघायचं. त्यानं मला शेठच्या घरी पाठवलं, वाटीभर भिजवलेली कणीक आण म्हणून.

शेठाणींनी तासभर बसवून ठेवलं आणि डबा दिला. उघडला तर गरम पोळ्या आणि पिठलं. कामाच्या माणसाला कच्ची कणीक पाठवायची म्हणजे काय, असा त्यांचा प्रश्न. पोळीनं माप घेता येत नाही, म्हणून आम्ही जेवलो. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेलो, नीट समजावून सांगितलं, की इंजिनात घालायची आहे. त्यांनी मान डोलावली. त्या दिवशी पोळ्यांना तूप जास्त होतं.

तिसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः निघाला, तर मीच त्याला अडवलं. म्हटलं, घाई काय आहे?

*

शेठला पाऊणच हवा होता. आणलाच आहे तर मोठा टाका, हे त्याचं शास्त्र. मिस्त्रीनं निमूटपणे बसवला आणि हँडल मारलं. खाडकन आवाज. आतला दांडा इंजिनाच्या भिंतीवर आपटत होता.

शेठ म्हणाला, थोडं घासून घ्या. आम्ही घासलं. परत खाडकन. अजून घासा. आम्ही अजून घासलं. शेवटी मिस्त्रीनं शेठला खाली वाकवून दाखवलं. घासलेल्या जागी भिंत पापडाएवढी उरली होती.

"अजून घासतो की. पर मग तेल रस्त्यावर आन् आपन बी."

अर्ध्या इंचाच्या क्रँकनं पिस्टन वरून डोकं काढून बघायला लागला. मग राहिला पाव इंच. तो असा बसला की जणू त्याच इंजिनासाठी घडवला होता.

शेठ रुसला. एवढी खटपट करून पावच इंच? चारचौघांत सांगायचं काय? म्हणून त्यानं सगळ्यांना अर्धा सांगितला. हॉटेलवाल्यानं एक केला. पंधरा दिवसांनी घोडेगावच्या बाजारात एका बैलवाल्यानं मलाच विचारलं, नगरात कुणी इंजिन फूटभर लांब केलंय म्हणे, खरं का?

*

ही बातमी गुलाबरावांपर्यंत गेली, आणि तिथंच घोटाळा झाला. गुलाबराव नेवासा रस्त्यावरच्या उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारींचे मालक. घोडेगावहून नगरला येताना इमामपूरचा घाट चढावा लागतो. लढाईत पेट्रोल मिळेना, तेव्हा मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या आणि चढाला दम सोडायच्या. घाट आला की सगळे उतरायचे आणि मागून चालत यायचे. वर्षानुवर्षं हेच. गुलाबराव म्हणाले, हा घाट टॉप गिअरमध्ये, एकदाही खालचा गिअर न टाकता, चढणारी गाडी अजून जन्माला यायची आहे.

मिस्त्रीचं टाळकं सरकलं. सगळ्यांसमोर म्हणाला, "घाटात गिअर बदलला तर पुन्यांदा पान्याला हात लावनार न्हाई."

आणि योहानमिस्त्री शब्दाचा माणूस. तो गेला तर मला काम कोण शिकवणार? शेठ?

*

ठरल्या दिवशी घोडेगावहून निघालो. मिस्त्री गाडी चालवत होता. शेजारी पंच म्हणून गुलाबराव, मागं शेठ, मी आणि गुलाबरावांची म्हातारी आई. ती लेकीकडून परत येत होती. गुडघे धरल्यामुळं तिला उचलूनच बसवली होती.

घाटाच्या पायथ्याला बाजारातून परतणारी बैलं आडवी आली. गाडी हळू झाली, आणि आम्ही तिघंही खाली उतरलो. मी, शेठ, आणि पंचसुद्धा! कुणी सांगितलं नव्हतं. घाट आला की उतरायचं, हे पायांनाच पाठ होतं. बैलं बाजूला झाली आणि गाडी गेली. गुलाबराव थांब थांब करत धावले. मिस्त्रीनं मागं पाहिलंच नाही.

आम्ही धापा टाकत वर पोचलो. मिस्त्री गाडीजवळ उभा होता, हसत. म्हणाला, टॉपमध्येच आली.

"पाह्यलं कुणी?" गुलाबरावांनी विचारलं.

मिस्त्रीचं हसू मावळलं. त्यानं देवाची शपथ घेतली. गुलाबराव म्हणाले, देव गाडीत नव्हता. मिस्त्रीनं खिशातला पाना काढला आणि माझ्या हातात दिला. मला रडूच आलं, खोटं कशाला सांगू.

तेवढ्यात शेठला सुचलं. गाडीत म्हातारी होती की! गुलाबरावांनी गिअरच्या दांड्यावर बोट ठेवून आईला विचारलं, घाटात यानं हा हलवला का, खरं सांग.

म्हातारी म्हणाली, "त्यो कशानं हलवंल, बाबा? पार वर येस्तवर दोन्ही हात जोडून, डोळे मिटून देवाला हाका मारीत हुता."