नमस्काराची तालीम

माझ्या कपाटात एकोणीस शाली आहेत. एकही मी विकत घेतलेली नाही आणि एकही अंगावर घेऊन कधी बाहेर पडलेली नाही. नाशिकच्या एका शाळेत तीस वर्षं भूगोल शिकवला आणि जवळजवळ तितकीच वर्षं दिसेल त्या कार्यक्रमाचं सूत्रसंचालन केलं, त्याची ही कमाई. मी माइकसमोर उभी राहिले की कार्यक्रम वेळेत सुरू होतो, वेळेत संपतो आणि सत्काराच्या यादीतलं एकही नाव राहत नाही, अशी माझी ख्याती आहे. ही ख्याती मी स्वतःच पसरवली, असं आमच्या घरात म्हणतात. विसावी शाल मात्र माझ्याकडे नाही. ती कुठे गेली ते सांगायचं आहे.

दोन वर्षांपूर्वी डिसेंबरात दिंडोरी रस्त्यावरच्या एका वसतिगृहात मुलामुलींचं आंतरराष्ट्रीय शिबिर भरलं होतं. सहा देश, प्रत्येक देशाची चार मुलं, सगळी चौदा-पंधरा वर्षांची. तीन आठवडे एकत्र राहायचं, एकमेकांचे खेळ खेळायचे, एकमेकांचं खायचं, आणि परत जाताना पाच देशांत आपलं कुणीतरी आहे एवढं घेऊन जायचं. शांतता आणि मैत्री हे शब्द प्रवेशद्वारावरच्या फलकावर हातभर मोठे लिहिले होते. मला सुरुवातीला त्याचं हसू यायचं. पण पहिल्याच आठवड्यात जपानचा मुलगा आणि ब्राझीलचा मुलगा न्हाणीघराच्या रांगेवरून कडाकडा भांडले आणि संध्याकाळी एकाच ताटात मिसळ खाऊन दोघंही नाकातलं पाणी पुसत बसले, तेव्हापासून मी हसणं कमी केलं.

माझ्याकडे आपल्या चार मुलांची जबाबदारी होती आणि सगळ्यांना इथल्या रीतीभाती शिकवण्याची. चारपैकी तिघं शहरातली, गाडीतून उतरलेली, इंग्रजी फाडफाड बोलणारी. चौथी मुलगी पेठ तालुक्यातल्या आश्रमशाळेतली. तिला घ्यावं म्हणून मी समितीत भांडले होते. आपल्याच जिल्ह्यातली माणसं एकमेकांना ओळखत नाहीत आणि आपण नॉर्वेशी मैत्री करायला निघालोय, असं मी तेव्हा म्हणाले. वाक्य सगळ्यांना आवडलं. मलाही इतकं आवडलं की पुढे मी ते चार ठिकाणी वापरलं.

तिच्या अर्जावर वडिलांची वाकडीतिकडी सही होती आणि आईचा अंगठा. आश्रमशाळेच्या अधीक्षिका म्हणाल्या होत्या की दिवाळीनंतर तिचे आईवडील द्राक्षांच्या कामाला खाली जातात, ते उन्हाळ्यातच घरी येतात. खाली म्हणजे कुठे, हे मी विचारलं नाही. जन्मभर भूगोल शिकवणाऱ्या बाईने एवढं तरी विचारायला हवं होतं.

मुलगी कमी बोलायची. पहाटे उठून स्वतःचं पांघरूण घडी घालायची आणि मग शेजारच्या खाटेवरचंही. शेजारच्या खाटेवर नॉर्वेची मुलगी होती. आपली शहरातली तिघं माकडटोपी घालून कुडकुडत असताना ती अर्ध्या बाह्यांत फिरायची आणि नाशिकची हवा छान उबदार आहे म्हणायची. या दोघींचं कसं जमलं कोण जाणे. एकीला इंग्रजी बेताचं, दुसरीला मराठी शून्य. पण आमच्या मुलीच्या उशाखाली घरच्यांचा एक फोटो असायचा. आई, वडील आणि लहान भाऊ घरासमोर उभे. रोज झोपण्याआधी तो बाहेर निघायचा आणि नॉर्वेची मुलगी त्यातल्या एकेकावर बोट ठेवून म्हणायची, आई, बाबा, भाऊ. मग ती आपल्या फोनवरची आई दाखवायची. एवढंच बोलणं रोज, पण त्या दोघींना ते पुरायचं.

माझ्या रीतीभातींच्या वर्गात सगळ्यात गाजला तो नमस्कार. मोठं माणूस भेटलं की वाकून पाया पडायचं, आणि मैत्रिणीची आई भेटली तर आधी नमस्कार, मगच दुसरं बोलणं. असं मी चोवीस मुलांकडून घोटून घेतलं. तालमीसाठी स्वयंपाकाच्या मावशींना उभं केलं होतं. तिसऱ्या दिवशी मुलांची रांग येताना दिसली की मावशी पोळ्या तव्यावर टाकून आतल्या खोलीत पळायच्या. खरं सांगायचं तर हा खटाटोप संस्कृतीसाठी नव्हता. विश्वस्त मंडळी येणार होती आणि परदेशी मुलं आपल्या पाया पडताहेत हे त्यांना आवडेल, हे मला पक्कं ठाऊक होतं.

दुसऱ्या रविवारी द्राक्षबाग बघायला जायचं ठरलं. बाग समितीतल्या एकांच्या पाहुण्यांची होती. मोठ्या मनाचा माणूस. चोवीस मुलांना बाग दाखवायची, पिठलं-भाकरी आणि ठेचा खायला घालायचा आणि मध्ये एक छोटासा कार्यक्रम. छोटासा कार्यक्रम म्हणजे सत्कार. त्याशिवाय आमच्याकडे काही झाल्यासारखं वाटतच नाही. मी चौदा नावांची यादी केली. बागायतदार, त्यांचे वडील, विश्वस्त, डॉक्टर आणि अर्थातच आपल्या मुलांचे पालक.

शुक्रवारी मुलगी माझ्याकडे आली. रविवारी मी इथंच थांबले तर चालेल का, असं तिने विचारलं. पोट दुखतं का, घरची आठवण येते का, कुणी काही बोललं का, सगळ्याला नाही. मग माझ्या मते उरलं एकच कारण, पाच देशांसमोर बोलायची भीती. अशा मुलांना पुढे ढकलावं लागतं हे माझं तीस वर्षांचं मत. मी तिला इंग्रजीतल्या स्वागताच्या तीन ओळी लिहून दिल्या आणि रविवारी तूच बोलायचं असं सांगितलं. ती कागद घेऊन गेली.

तिला काय सांगायचं होतं ते मला नंतर कळलं. तिचे आईवडील दिवाळीपासून त्याच बागेत कामाला होते. सूचनाफलकावर बागायतदाराचं नाव वाचून ते तिच्या लक्षात आलं होतं. आईच्या कामाची तिला लाज नव्हती. आईला तिथे सगळ्यांसमोर कुणीतरी बाजूला हो म्हणेल, नाहीतर तिच्याकडे बघून न बघितल्यासारखं करेल, ही भीती होती. आणि ते तिच्या मैत्रिणींसमोर होईल. तिने फोनवर आईला विचारलं, तर आई म्हणाली, कुणाला काही सांगू नको, गपचूप ये.

रविवारी आम्ही पोहोचलो तेव्हा मंडपाखाली विरळणी चालली होती. हिरव्या घडातले दाटलेले मणी छोट्या कात्रीने काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना फुगायला जागा मिळते. बायकांचे हात इतके भराभर चालत होते की इटलीच्या मुलीने फोन काढला आणि हातांचंच चित्रण केलं. ब्राझीलच्या मुलाने एक घड मागून घेतला आणि पाच मिनिटांत त्याचा पार खराटा करून ठेवला. बागायतदार हसले आणि म्हणाले, हा घड तुझ्या नावाने ठेवतो. आमची मुलगी मात्र सगळ्यांच्या मागे, मान खाली घालून चालत होती. मी तिच्या पाठीवर थाप मारली आणि तीन ओळी पाठ झाल्या का म्हणून विचारलं.

पॅकिंगच्या शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. मुलं पुढे, पालक आणि पाहुणे डाव्या हाताला, मागे बाकीची मंडळी. पाहुण्यांना पाणी द्यायला बागायतदारांच्या पत्नीने कामावरच्या दोघींना बोलावून घेतलं होतं. हातात पेल्यांचा ट्रे घेऊन त्यातली एक मुलांच्या रांगेकडून येत होती. ती तिची आई होती. हे त्या शेडमध्ये फक्त त्या मायलेकींना माहीत होतं.

मुलीने तिच्या तीन ओळी न अडखळता म्हटल्या. मी मनात म्हटलं, बघा, पुढे ढकलावंच लागतं. मग मी यादी हातात घेतली. शहरातल्या तिन्ही मुलांचे आईवडील एकेक जोडीने आले, शाल झाली, श्रीफळ झालं, फोटो झाले. चौथं नाव आलं. चौथी गाडी काही आलेली नव्हती. अशा वेळी काय बोलायचं हे मला झोपेतही येतं.

"आपल्या चौथ्या विद्यार्थिनीचे पालक कामामुळे येऊ शकले नाहीत. त्यांचा सत्कार आपण मनोमन करू या. जोरदार टाळ्या."

जोरदार टाळ्या झाल्या. ट्रे घेतलेली बाई माझ्यापासून दहा पावलांवर उभी होती. तिचे दोन्ही हात ट्रेला होते, त्यामुळे तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. मुलगी खुर्चीत ताठ बसली होती आणि समोरच्या जमिनीकडे बघत होती.

नॉर्वेच्या मुलीला माझं बोलणं कळलं नव्हतं. तिला तहान लागली होती. पेला घ्यायला तिने मान वर केली आणि त्या बाईच्या तोंडाकडे बघतच राहिली. रोज रात्री बोट ठेवायची तोच चेहरा. ती उठली, बाईच्या हातातला ट्रे काढून आपल्या खुर्चीवर ठेवला आणि मी शिकवलं होतं अगदी तसं वाकून तिच्या पाया पडली. मग तोंडभर हसून म्हणाली, "आई."

मुलांना तालीमच तशी होती. एक वाकली की बाकीच्यांनी मागे रांग लावायची. जपान उठलं, इटली उठलं, ब्राझीलचा मुलगा घाईत खुर्ची पाडून उठला. बाई दोन पावलं मागे सरली, मग थांबली आणि एकेकाच्या डोक्यावर हात ठेवू लागली. विश्वस्तांनी मला खुणेनं विचारलं, काय चाललंय. मला वाटलं शिस्त मोडली. मी माइकवरून म्हटलं, मुलांनो, बसा पाहू. तीस वर्षांत पहिल्यांदा माझं कुणी ऐकलं नाही.

आमची मुलगी खुर्चीतून उठली आणि माझ्याजवळ आली. माइकपासून तोंड बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाली, "बाई, माझी आई आलेली आहे. तिला यादीत घ्या."

माझे कान तापले. समोर उभ्या असलेल्या बाईला मी भर सभेत गैरहजर लावलं होतं, आणि वर टाळ्या वाजवायला लावल्या होत्या. इतकी लाज मला त्याआधी कधी वाटली नव्हती, आणि शुक्रवारचा तो प्रश्न आठवून तर तिथून निघूनच जावंसं वाटलं. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि माझं चुकलं असं म्हणाले. मला ते बोलायची सवय नाही, म्हणून पहिल्यांदा नीट ऐकू आलं नाही आणि दुसऱ्यांदा म्हणावं लागलं. मग म्हटलं, चौथ्या विद्यार्थिनीची आई सकाळपासून इथेच आहे, मला दिसली नव्हती.

बाई पदराला हात पुसत पुढे आली. शाली यादीपुरत्याच मोजून आणलेल्या, आणि चौथी गाडी दिसली नाही म्हणून तिच्या वाटची शाल मी आधीच एका आयत्या वेळच्या पाहुण्याला दिली होती. सूत्रसंचालिकेची म्हणून सुरुवातीलाच मला दिलेली शाल माझ्या खुर्चीवर होती. ती मी तिच्या खांद्यावर घातली. बागायतदारांच्या वडिलांनी आपला नारळ आणून तिच्या हातात दिला. आणि ते परत जाऊन बसले. शाल नीट करताना मी जवळ होते, तेव्हा ती मला एकटीलाच ऐकू जाईल असं बोलली. आवाजात राग नव्हता, चूक दुरुस्त करावी तशी बोलली.

"कामामुळं आले नाय आसं नाय, बाई. कामामुळंच तं आले."

पाणी वाटायला दोघी हव्यात एवढंच बागायतदारांच्या पत्नीने म्हटलं होतं, तिलाच असं कुणी निवडलं नव्हतं. मी देते म्हणून तिनेच मागून घेतलं होतं. मुलगी खुर्चीत बसलेली जवळून बघायची होती, एवढंच कारण तिने नंतर सांगितलं. मुलीचे वडील मात्र दुसऱ्या टोकाला फवारणीवर होते. त्यांना हे सगळं संध्याकाळी कळलं. ती शाल उरलेले दिवस वसतिगृहात होती. नॉर्वेच्या मुलीला अचानक नाशिकची थंडी वाजू लागली आणि दोघी एका शालीत पाय घालून बसू लागल्या. शिबिर संपलं तेव्हा शाल पेठला गेली. मी माझ्या एकोणीस शालींचं काय करावं याचा विचार तेव्हापासून करते आहे.

पण ते नंतरचं. त्या दुपारी सत्कार झाल्यावर तिने शाल काढली, घडी घातली आणि मुलीच्या मांडीवर ठेवली. नारळही ठेवला. मग नॉर्वेच्या मुलीच्या खुर्चीवरचा ट्रे उचलला आणि मागच्या रांगांना पाणी द्यायला गेली. मुलगी उठायला लागली तर तिला डोळ्यांनीच बस म्हणाली. मी उरलेली नावं वाचू लागले. आवाज बसला होता, एक आडनाव चुकलं, एका डॉक्टरांना मी दोनदा बोलावलं. लोक टाळ्या वाजवत होते. सगळ्यांचं देऊन झाल्यावर ती शेवटचा पेला घेऊन माझ्याकडे आली आणि माइकशेजारी उभी राहिली.

"लय येळ झाला बोलताय, बाई," ती म्हणाली. "पाणी घ्या."

मी माइक बंद केला आणि तिच्या हातून पेला घेतला.